सावरीच्या बुंध्यातली भोकं

नोकरी सोडल्यानंतरच्या पहिल्या वसंतात मी काटेसावरीसमोर बसायला लागले. रोज सकाळी साडेसहाला, घडीची खुर्ची, वही आणि पेन्सिलींचा डबा घेऊन. कुकटपल्लीतल्या आमच्या इमारतीच्या मागे, गाड्या लावायच्या जागेच्या टोकाला ही सावर उभी आहे. इमारतीच्या कितीतरी आधीपासूनची. बिल्डरनं तिला का सोडलं कुणास ठाऊक. कंपाउंडची भिंत तिच्यापाशी येऊन अंग चोरते आणि वळसा घालून पुढे जाते.

जानेवारी संपता संपता तिची पानं गळतात आणि फेब्रुवारीत सगळं झाड लाल होतं. मग पाहुण्यांची रीघ लागते. भोरड्यांचे थवे कलकलाट करत उतरतात, साळुंख्या त्यांच्याशी भांडतात, कोतवाल दोघांनाही हाकलतो. खारी फुलात तोंड खुपसून बाहेर येतात तेव्हा त्यांच्या मिशा पिवळ्या झालेल्या असतात. तांबट कुठल्याशा वाळक्या फांदीवर बसून भांडी ठोकत असतो. हे सगळं मी काढायला बघायचे. पक्षी उडून जायचे आणि माझ्या वहीत नुसत्या शेपट्या उरायच्या. पण झाड कुठे जात नव्हतं, म्हणून हळूहळू मी झाडच काढायला लागले.

चित्रकला मी कुठे शिकले नव्हते. विम्याच्या कचेरीत तीस वर्षं दाव्यांचे कागद तपासले. आग खरंच लागली का, गाडी खरंच चोरीला गेली का, या सहीचा फराटा मागच्या सहीसारखाच का. समोरचा खोटं बोलतोय असं धरून चालायचं आणि खरं त्यानं सिद्ध करायचं, ही आमची रीत. ती रीत अंगात मुरली. नवरा म्हणायचा, "तू भाजीवाल्याचाही पंचनामा करतेस."

संशय घ्यायला लागण्याच्या आधी मी तो झेललाही होता. वडील परभणीकडून टपाल खात्यात नोकरीला हैदराबादला आले. चिक्कडपल्लीत भाड्याची खोली शोधताना घरमालकीण आधी आडनाव विचारायची, मग काय खाता ते विचारायची, आणि सामान येऊन भिंतीवर तसबीर लागली की तिची नजर बदलायची. पाण्याच्या हौदापाशी आम्ही गेलो की ती उगीचच बाहेर येऊन उभी राहायची. काही बोलायची नाही, बघत राहायची. ती नजर मला लहानपणापासून पाठ आहे. ती मीही कधी कुणाला लावीन, असं मात्र वाटलं नव्हतं.

तिसऱ्या मजल्यावर माझी मैत्रीण राहते. पुण्याची. तिचे यजमान गेल्यावर ती मुलाकडे इथे आली. मुलगा आयटीत, सकाळी जातो तो रात्रीच उगवतो. लिफ्टमध्ये मी फोनवर मराठीत बोलत होते, ते ऐकून तिनं एकदम माझा हातच धरला. "अहो, तुम्ही आपल्यातल्या?" असं म्हणाली. मी मनात म्हटलं, आपल्यातल्या म्हणजे कुठल्या ते कळल्यावर बघू. पण ती माझ्या घरी आली, भिंतीवरच्या तसबिरीकडे बघितलं, बसली आणि म्हणाली, "चहात आलं घालता ना?" महिन्याभरात 'अहो'चं 'अगं' झालं.

तिला हातानं काही ना काही करत राहायची सवय होती. ती कापडाचे पक्षी करायची. आम्ही दोघी मेट्रोनं सुलतान बाजारात जायचो, कापडाच्या दुकानांतून कटपीस गोळा करायचो, आणि ती त्यातून बुलबुल, शिंजीर, राघू शिवायची. पोटात सावरीचा कापूस भरायची. त्या पहिल्या एप्रिलमध्ये बोंडं फुटली तेव्हा आम्ही दोघींनी पिशव्या भरभरून तो वेचला होता. पक्ष्यांना बसायला फांद्या हव्यात म्हणून ती मातीच्या फांद्या वळायची आणि मुलाकडून मागवलेल्या ड्रिलनं लाकडी बैठकीला भोक पाडून त्यात रोवायची. प्लंबर गळक्या नळाला लावतात ती माती, दोन रंगांचे गोळे एकत्र मळायचे आणि अर्ध्या तासात दगड. त्या माणसाच्या बोटाएवढ्या फांद्यांना ती बाजारातला तपकिरी रंग लावायची. पुढच्या जानेवारीत मी तिला म्हटलं, "फांदी कधी तपकिरी असते का गं? खाली बघ जरा." आणि तिला रंग मिसळून दाखवला. तपकिरीत निळा, मग थोडा पांढरा, शेवटी जांभळ्याचा अगदी ठिपका. सावरीच्या सालीचा राखाडी रंग मला बरेच दिवस डोकेफोड करून सापडला होता. ती मातीतच रंग मळायला लागली. तिच्या फांद्या खऱ्या दिसायला लागल्या.

त्या दुसऱ्या वर्षी फेब्रुवारीच्या मध्यावर एका सकाळी मी बुंध्याच्या मुळाशी बसले होते. सावरीच्या मुळांना जमिनीपासून वर पंखांसारख्या भिंती असतात, त्यांच्या सावल्या काढायच्या होत्या. तेव्हा दोन पंखांच्या खाचेत मला एक भोक दिसलं. करंगळी जाईल एवढं. आधी वाटलं, भुंगेरा असेल. मग त्याच्या शेजारी दुसरं दिसलं, पलीकडे तिसरं. मी चार बोटं ठेवून अंतर मोजलं. प्रत्येक दोन भोकांत चारच बोटं. भुंगेरे असं मोजून पोखरत नाहीत.

खाली भुसा पडला होता, पिवळसर, ताजा. भोकांभोवतीची साल ओलसर काळी झाली होती. मी नाक जवळ नेलं. संडास धुवायच्या ॲसिडचा वास आला.

मी वर जाऊन नवऱ्याला सांगितलं. तो वर्तमानपत्रातून डोकं न काढता म्हणाला, "असोसिएशनला सांग." मी सांगितलं. असोसिएशनच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तीन जणांनी हात जोडल्याच्या खुणा पाठवल्या, एकानं उगादीच्या, म्हणजे पाडव्याच्या, वर्गणीची आठवण करून दिली. दोन दिवसांनी मी परत बघायला गेले तर भोकं नव्हती. कुणीतरी ती लिंपून टाकली होती, इतकी बेमालूम की बोट फिरवल्याशिवाय कळत नव्हतं. म्हणजे करणारा ग्रुपवर होता. माझा निरोप वाचून त्यानं पुरावा झाकला होता.

त्यात वाईट असं, की वसंतात सावर जिवंत आहे की मेली हे कळायला मार्गच नसतो. पान एकही नसतं. फुलं आधी साठवलेल्या रसावर येतात. झाड वर लालेलाल, पक्षी नाचतायत, आणि आत काय चाललंय याचा पत्ता एप्रिलमध्ये पालवी फुटेल किंवा फुटणार नाही तेव्हाच लागणार. मी रोज समोर बसून एका चित्राकडे बघत होते आणि ते चित्र खरं आहे की खोटं हे मला ठरवता येत नव्हतं.

संशय कुणावर घ्यायचा हे मात्र लगेच ठरलं. तळमजल्यावर एक निवृत्त शिक्षक राहतात. तेलुगू गृहस्थ, सत्तरी ओलांडलेले, सगळे त्यांना मास्टारू म्हणतात. त्यांची जुनी पांढरी गाडी सावरीखालीच उभी असते. फेब्रुवारी-मार्चमध्ये रोज सकाळी तिच्यावर फुलांचा खच पडतो. ती मांसल फुलं टपावर चिकटतात, डाग पडतात. दोन वर्षांपूर्वीच्या मीटिंगमध्ये ते उठून म्हणाले होते, "ये बूरुगा मेरेकू नक्को होगया." तेलुगूत सावरीला बूरुगा म्हणतात. झाड कापायचा ठराव मांडणाऱ्यांत तेही होते. परवानगी मिळाली नाही म्हणून विषय मिटला होता.

आता माझ्या वहीत मास्टारू यायला लागले. एका पानावर कोतवाल, त्याच्याखाली गाडी पुसणारे मास्टारू. दुसऱ्या पानावर खार, आणि कोपऱ्यात बुंध्याकडे बघणारे मास्टारू. मी वेळाही लिहायला लागले. सात दहाला खाली आले. सात वीसला बुंध्याजवळ गेले, वाकले. माझ्याकडे बघितलं, परत गेले. ते माझ्याकडे बघायचे हे मला विशेष वाटायचं. ज्याला लपवायचं नसतं तो कशाला बघेल?

गॅलरीतल्या कुंड्यांना पाणी घालतानाही माझी मान खाली. मोगऱ्याला कळ्या लागल्या होत्या, अंबाडीची रोपं मातीतून डोकी काढत होती, पण मला त्यांच्यात काही दिसत नव्हतं. मी मैत्रिणीला रोजची बातमी द्यायचे. ती शिवत असायची.

"तोच असणार गं," ती म्हणायची. "गाडी बघ ना त्याची. जिवापाड जपतो."

"पण ॲसिड ओतण्यापर्यंत मजल?"

"माणसाचं काही सांगता येतं का?" दातांनी दोरा तोडत ती म्हणाली.

तिनं पक्ष्यांच्या पोटात सावरीचा कापूस भरणं सोडलं होतं, हे मला त्या दिवसांत दिसलं. बाजारातून आणलेला पांढरा कृत्रिम तंतू भरत होती. मी विचारलं तर म्हणाली, "सावरीचा गोळा होतो गं, गाठी बसतात." मला ते पटलं. तीस वर्षं कागदांतली खोट काढणाऱ्या मला ते तेव्हा पटलं, कारण मी दुसरीकडे बघत होते.

होळी होऊन चार-पाच दिवस झाले असतील. सकाळी मी वरून गॅलरीतून बघितलं तर मास्टारू सावरीच्या खाचेत गुडघे टेकून बसले होते. एका हातात प्लास्टिकची बाटली, तिला बारीक नळी लावलेली, आणि नळीचं टोक बुंध्यात. मी चपला न घालता जिना उतरले. लिफ्टची वाट बघण्याचं भान नव्हतं.

"क्या डालरे आप उसमें?" मी ओरडले.

ते दचकून उठले. शेजारच्या दोन-तीन गॅलऱ्यांत माणसं आली. शाळेच्या बसची वाट बघणाऱ्या दोन बायका मुलांना घेऊन जवळ आल्या. मला थांबता येईना. मी म्हटलं की मी पंधरा दिवस बघतेय, माझ्याकडे सगळं लिहिलेलं आहे, एका गाडीसाठी एवढं झाड मारताना तुम्हाला काही वाटलं नाही का, तुम्ही शिक्षक होता ना. निम्मं हिंदीत, निम्मं मराठीत. सगळं बोलले.

मास्टारूंनी बाटलीच्या तोंडावरची नळी काढली, बाटली तोंडाला लावली आणि सगळ्यांसमोर त्यातलं पाणी प्यायले. तीन घोट. मग शर्टाच्या बाहीनं तोंड पुसलं.

"होर कुछ पूछना है?" त्यांनी विचारलं.

त्यांनी दुसऱ्या हाताची मूठ उघडून माझ्यापुढे धरली. तळहातावर मातीचे कडक झालेले दोन खडे होते, बुचासारखे. स्क्रूड्रायव्हरनं ते खडे भोकांतून उकरून काढून मास्टारू आत पाणी सोडत होते, ॲसिड धुऊन निघावं म्हणून.

"मैं समझा आपीच कररे," ते सावकाश म्हणाले. "रोज झाड के पास बैठते. हाथ लगा के देखते. कुछ तो भी लिखते. मैं सोचा, ये मेडम क्या नापरे?" मग खाली बघून म्हणाले, "मैं भी आपकू देखरा था."

त्यांच्या आवाजात राग असता तर मला बरं वाटलं असतं. नव्हता. वर्गात चूक केलेल्या पोरीला समजावावं तसा आवाज होता. मी त्यांच्या हातातले खडे घेतले, का घेतले ते आठवत नाही. काहीतरी पुटपुटले. तेवढ्यात मैत्रीण खाली आली होती; तिनं माझा दंड धरला. "चल, वर चल," म्हणाली. मार्चच्या उन्हात तिचा हात गार होता.

घरी आल्यावर मी खडे खिडकीच्या कठड्यावर ठेवले आणि दिवसभर त्यांच्याकडे बघितलं नाही. तोंड दाखवायला जागा राहिली नव्हती. नवऱ्यानं दुपारी स्वतः वरण-भात लावला, म्हणजे त्यानंही ऐकलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी खाली गेले नाही. खिडकीशी बसून रंगपेटी उघडली. ऊन कठड्यावर तिरकं पडलं होतं आणि त्या उन्हात खड्यांचा रंग दिसला. राखाडी. साधा राखाडी नव्हे. मी हातात ब्रश घेतला आणि सवयीनं रंग मिसळत गेले. तपकिरी. निळा. पांढरा. थांबले. मग जांभळ्याचा ठिपका घातला आणि कागदावर फराटा ओढून खडा त्याच्यावर ठेवला.

खडा कागदावर दिसेनासा झाला.

मग मनात एकेक कागद पुढे यायला लागला, कचेरीत यायचा तसा. पोटात न भरलेला कापूस. "तोच असणार गं." पक्ष्यांच्या लाकडी बैठकींना भोकं पाडायला तिनं मुलाकडून मागवलेलं ड्रिल मशीन. ग्रुपवर माझा निरोप पोचल्यावर दोन दिवसांत बुजलेली भोकं. गार हात. तरी मी स्वतःशी वाद घालत होते. माती बाजारात कुणालाही मिळते, रंगही मिळतो. पण जांभळ्याचा तो ठिपका बाजारात मिळत नव्हता. तो मी दिला होता.

तीन दिवस मी तिच्याकडे गेले नाही. तिनंही फोन केला नाही, आणि मला त्यातच उत्तर दिसलं. चौथ्या दिवशी गेले. दार उघडून ती बाजूला झाली. टेबलावर नुकताच पुरा झालेला शिंजीर होता, निळ्या सॅटिनचा, फार सुंदर. मी खडा त्याच्या शेजारी ठेवला.

तो न ओळखल्याचं सोंग तिनं केलं नाही. खुर्चीवर बसली.

"मास्टारूंना सांगितलंस?" तिनं विचारलं.

"नाही."

"मग कुणाला?"

"कुणालाच नाही. तू सांग."

तिची लेक पुण्याला असते. दर एप्रिलमध्ये ती महिनाभर आपल्या मुलीला, छोटीला, घेऊन येते. मागच्या एप्रिलमध्ये छोटी आजारी पडली एवढं मला माहीत होतं. सर्दी-खोकला असेल असं मी धरून चालले होते. "सर्दी नव्हती गं," ती म्हणाली. "श्वास अडकला तिचा. ओठ निळे. गॅलरीत कापूस उडत होता, ती त्याच्यामागे धावत होती, आणि एकदम खाली बसली. दोन दिवस दवाखान्यात होतो आम्ही. तू तेव्हा कापसाच्या पिशव्या घेऊन माझ्या दारात आलीस. हसत होतीस."

मला ते आठवलं. मी हसत होते.

"लेक म्हणाली, ते झाड असेपर्यंत मी हिला तिथे आणणार नाही. मी असोसिएशनकडे गेले. गुपचूप गेले, तुला वाईट वाटेल म्हणून. ते म्हणाले, परवानगी मिळत नाही. मग मी काय करायचं होतं? वर्षातला एक महिना मिळतो मला ती पोर. एक महिना."

"मला सांगायचंस."

"तू काय केलं असतंस? आणखी एक चित्र काढलं असतंस?"

मला राग आला. खरं सांगायचं तर मी काय केलं असतं ते मला अजूनही माहीत नाही. मी एवढंच म्हटलं, "मास्टारूंवर का ढकललंस?"

ती पहिल्यांदा रडली. "ढकललं नाही गं. तू आधीच ठरवून बसली होतीस. मी फक्त नाही म्हटलं नाही."

हे खरं होतं, आणि यातून मला सुटकाही नव्हती.

त्या संध्याकाळी मी मास्टारूंकडे गेले. माफी मागितली. त्यांच्या बायकोनं मला फिल्टर कॉफी दिली आणि समोर बसून माझ्याकडे टक लावून बघत राहिली. ती नजर मी ओळखली आणि मुकाट्यानं कॉफी प्यायले. निघताना मास्टारूंनी विचारलं, "पता चला कुछ? कौन था?"

"नै," मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली.

त्यानंतर सकाळी आम्ही दोघं मिळून झाडाकडे बघायला लागलो. उरलेली बुचं काढली, आठवडाभर भोकांत पाणी सोडलं, मग त्यांनी कुठूनशी आणलेली कडुलिंबाची पेंड बुंध्याभोवती मातीत मिसळली. याचा उपयोग होतो की नाही ते आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं. त्यांनी गाडी पुढच्या बाजूला, उन्हात लावायला सुरुवात केली. मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. त्यांना परत कुणी काही म्हणायला नको, एवढाच त्याचा अर्थ मी लावला.

फुलं संपली. भोरड्या एका सकाळी आल्याच नाहीत. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात भिंतीपलीकडच्या फांद्यांना तांबूस पालवी फुटली आणि आमच्या बाजूच्या फांद्या तशाच राहिल्या. पंधरा दिवस वाट बघितली. मग महिना. अर्धं झाड हिरवं झालं आणि अर्धं सांगाड्यासारखं उभं राहिलं. जूनच्या आधी असोसिएशननं माणसं बोलावून वाळलेल्या फांद्या उतरवल्या, कुणाच्या डोक्यावर पडू नयेत म्हणून. तांबटाच्या जुन्या घरट्याचं भोक असलेली एक फांदीही त्यात गेली.

आमच्या बाजूच्या फांद्या गेल्यावर, कापूस उडून संपल्यावर, त्या वर्षी छोटी आली. मी तिला लिफ्टमध्ये बघितलं. तिच्या फ्रॉकवर आजीनं राघू शिवला होता. तिला काही झालं नाही. पुढे डिसेंबरात मात्र पुण्यातच तिचा श्वास पुन्हा अडकल्याचं ग्रुपवरच्या कुणाकडून कळलं. तेव्हा सावरीचा कापूस नव्हता, काहीच नव्हतं. ते ऐकल्यावर माझ्या मनात पहिल्यांदा जे आलं ते असं होतं, की बघ, झाडाचा काही दोष नव्हता. पोरगी कशी आहे हा प्रश्न त्याच्यानंतर आला. मधलं अंतर क्षणाचंच असेल, पण मी ते पकडलं.

मैत्रिणीचं आणि माझं बोलणं तुटलं नाही. ते लिफ्टपुरतं झालं. "बरी आहेस?" "हो, तू?" तेवढ्यात मजला यायचा. मी कुणाला सांगितलं नव्हतं म्हणून तिनं माझे उपकार मानावेत असं मला आत कुठेतरी वाटत होतं, आणि ती मानत नव्हती.

या वर्षी फेब्रुवारीत उरलेल्या अर्ध्या झाडाला फुलं आली. मास्टारू आता स्वतःची खुर्ची आणतात. ते चित्र काढत नाहीत; पेपर वाचतात आणि मधूनच एखादा पक्षी दिसला की "वो देखो" म्हणतात. परवा एका सकाळी पेपर घडी करत ते म्हणाले, "वो तीसरे मालेवाले अम्मा की नाती आरी क्या इस साल?"

"मालूम नै," मी म्हटलं.

"आना चाहिये," ते म्हणाले. "पिछले साल वो अम्मा मेरेकू सब बोलदिये ना. उगादीके दिन. रोये बहुत."

त्यांच्याकडे न बघता मी हिशोब करत होते. उगादी म्हणजे मी त्यांच्या घरी कॉफी पिऊन आले त्याच आठवड्यात. म्हणजे वर्षभर, बुचं काढताना, पेंड मिसळताना, त्यांना माहीत होतं. मी खोटं बोलले होते हेही माहीत होतं. आणि मग, लाज वाटण्याच्याही आधी, जुनी खोड मनात जागी झाली: तिनं खरंच सांगितलं असेल, की मास्टारू मला बोलतं करतायत? यांना फक्त संशय आहे आणि माझ्या तोंडून ते पक्कं करून घ्यायचंय?

"क्या बोले वो?" मी सावधपणे विचारलं.

मास्टारू माझ्याकडे बघून हसले. "आप अबी भी देखरेच मेरेकू," ते म्हणाले, आणि पेपर उलगडून त्यात डोकं घातलं.

मी वही मिटली आणि तिसऱ्या मजल्यावर गेले. खरं-खोटं करायलाच गेले, दुसरं काही मनात होतं असं सांगणार नाही. मैत्रिणीनं दार उघडलं. कपाळावर चष्मा, बोटात अंगुस्तान.

"मास्टारूंना तू सांगितलंस?" मी दारातूनच विचारलं.

"हो," ती म्हणाली. "तेव्हाच. तुला आज कळलं?"

"मला का नाही म्हणालीस?"

"तू विचारलंस कधी?" ती म्हणाली. मग माझ्या अनवाणी पायांकडे बघितलं, कारण या वेळी मी चपला झाडाखालीच विसरले होते, आणि दारातून बाजूला झाली. मी आत गेले.